समस्या, उपाय आणि एक्सेलची शीट: ‘ऑपरेटरला समज दिली’ या रकान्याचं काय करायचं?

बोअरगेज
गुरुवार, ३ एप्रिल २०२५, सकाळी ११:२०

आज आमची सुट्टी. भोसरी एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी तुम्ही मिसळ खात असता तेव्हा आम्ही मशीनवर असतो. हे सुरुवातीलाच सांगतोय कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मी एका लहान मशीनशॉपमध्ये क्वालिटी बघतो. चाळीसएक माणसं, सात सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणारी मशीनं). आणि कुठलीही मीटिंग संपली की मालकांचं एक ठरलेलं वाक्य, "हे एक्सेलमध्ये टाक." मी टाकतो. सहा वर्षं टाकतोय. त्यातली किती वर्षं फुकट गेली हे लिहायला आज बसलोय.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या एका मोठ्या कस्टमरने एकाच पार्टसाठी तिसऱ्यांदा तक्रार पाठवली. हाउसिंगचा ३२ एच७ बोअर मोठा येत होता. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: ३२ मिलिमीटरच्या भोकाला शून्य ते २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढीच मोकळीक. त्याच्या वर गेलं की त्यातलं बेअरिंग सैल बसणार.

उत्तर लिहायला म्हणून अ‍ॅक्शन प्लॅनची शीट उघडली. आधीच्या दोन तक्रारींची ओळ अशी होती:

समस्या: बोअर ओव्हरसाइझ. कारण: ऑपरेटरने नीट चेक केले नाही. उपाय: ऑपरेटरला समज दिली. जबाबदारी: प्रॉडक्शन. तारीख: तात्काळ. स्थिती: क्लोज्ड.

दुसरी ओळही हीच, फक्त ‘समज दिली’च्या जागी ‘सक्त समज दिली’. दोन्ही ओळी हिरव्यागार. आणि दोन्ही मीच भरलेल्या.

तिसऱ्यांदा काय लिहिणार? ‘अति सक्त’? मग जरा लाज वाटली आणि रिजेक्शनचं रजिस्टर काढलं. तेही एक्सेलमध्येच असतं, शिफ्ट संपली की सुपरवायझर भरतो. पिव्होट (सारख्या नोंदी एकत्र मोजणारा एक्सेलचा तक्ता) लावून बघितलं तर बोअरचा दोष चौथ्या नंबरवर. म्हणजे महत्त्वाचा नाहीच म्हणायचा! पण कारणांची यादी खाली सरकवत गेलो तर ‘बोर ओव्हर’, ‘बोअर ओव्हरसाइझ’, ‘बोर मोठा’, ‘आयडी मोठी’ आणि एका ठिकाणी नुसतंच ‘मोठा’. तीन सुपरवायझर, पाच नावं, दोष एक. ‘बोर मोठा’च्या पुढे एक स्पेस जास्त पडली तरी पिव्होट ती वेगळी रांग धरतो. पाचही एकत्र केल्यावर हा दोष पहिल्या नंबरवर आला, आणि दुसऱ्या नंबरच्या जवळजवळ दुप्पट.

त्या दिवशी पहिली गोष्ट केली ती ड्रॉपडाउनची. दोषाचं नाव टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं. चौदा नावं, बास. फोरमन मामांना घेऊन बसलो, कारण शॉपवर ज्याला ‘दगा’ म्हणतात त्याला माझ्या यादीत काय म्हणायचं हे त्यांनाच माहीत.

दुसरी गोष्ट, रजिस्टरला दोन कॉलम वाढवले: मशीन नंबर आणि वेळ. शिफ्ट नाही, वेळ. यावर मामा कुरकुरले, "लोकांनी पार्ट करायचे का घड्याळ बघायचं?" पण तीन आठवड्यांत जे दिसलं ते शिफ्ट लिहून कधीच दिसलं नसतं. मोठ्या बोअरचे बहुतेक पार्ट सात नंबर मशीनवरचे, सकाळी सात ते साडेआठच्या मधले. आणि वार टाकल्यावर कळलं, जवळजवळ सगळे शुक्रवारचे.

आता गुरुवारची सुट्टी आठवा. आमच्याकडे तीन शिफ्ट चालतात, त्यामुळे इतर दिवशी सकाळी सातला मशीन गरमच असतं. शुक्रवारी ते चोवीस तास थंड पडलेलं. ऑफसेट (हत्यार कुठवर न्यायचं याचं मशीनमधलं सेटिंग) मात्र बुधवार रात्रीचा, गरम मशीनवर जुळवलेला. त्यात इन्सर्ट (कापणारं पातं) झिजतो तसा बोअर लहान होत जातो, म्हणून आमची माणसं सेटिंग मुद्दाम वरच्या बाजूला ठेवतात, अठरा-वीस मायक्रॉनवर. थंड मशीनने त्यात दहा-बारा मायक्रॉनची भर घातली की झालं, गेला पार्ट बाहेर.

पण मग पहिला पीस तपासताना हे सापडायला हवं होतं. का सापडलं नाही? कारण पहिल्या पीसवर सही क्वालिटीची लागते. क्वालिटीचा माणूस जनरल शिफ्टला, साडेआठला येतो. तोपर्यंत तीसेक पार्ट होऊन जातात.

क्वालिटीचा माणूस म्हणजे मी. दोन वेळा ‘ऑपरेटरने नीट चेक केले नाही’ लिहिणारा माणूस त्या वेळी नाशिक फाट्याच्या सिग्नलला उभा होता.

उपाय तसे साधे निघाले. शुक्रवारी पहिली शिफ्ट सुरू करताना वीस मिनिटं स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) मोकळा फिरवण्याचा प्रोग्राम, बोअर गेजची मास्टर रिंग (भोक मोजायचं गेज जिच्यावर जुळवतात ती) मशीनपाशीच, आणि पहिल्या पीसच्या सहीचा अधिकार शिफ्ट सुपरवायझरला. जबाबदारीच्या रकान्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं नाव घातलं.

यातून शीटमध्ये जे बदललं ते सांगतो. जबाबदारीत विभागाचं नाव चालत नाही, एका माणसाचं नाव, दोघांचं नाही. तारखेच्या रकान्यात ‘तात्काळ’, ‘लवकरात लवकर’, ‘चालू आहे’ टाइपच होत नाही, डेटा व्हॅलिडेशन लावून फक्त तारीख घेतो. कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव किंवा ‘ऑपरेटर’ आलं तर सेल लाल होतो (कंडिशनल फॉरमॅटिंग, शोधा म्हणजे सापडेल). ती ओळ चुकीची असेलच असं नाही, पण निदान एकदा तरी "आणि का?" असं विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि स्थिती ‘क्लोज्ड’ करायच्या आधी एक वेगळा रकाना: ‘नंतर बघितलं का, काय दिसलं’. बोअरच्या ओळीसाठी डिसेंबरच्या मध्यापासून १३ शुक्रवार मोजले, मगच बंद केली.

तुमच्याकडे कसं चालतं? कारखानाच हवा असं नाही. शाळा, दवाखाना, सोसायटी, काहीही लिहा.

---

तिखटमीठ
३ एप्रिल, दुपारी १२:०५

नाशिक फाट्याचा सिग्नल!! 😂

आमच्या शाळेत तोच रकाना ‘पालकांना सूचित केले’ या नावाने नांदतो. मूल गैरहजर: पालकांना सूचित केले. गृहपाठ नाही: पालकांना सूचित केले. परवा प्रयोगशाळेतलं परीक्षानळीचं स्टँड मोडलं, तिथेही तेच लिहिलं होतं. स्टँडच्या पालकांना बहुधा.

---

फळा_आणि_खडू
३ एप्रिल, दुपारी १:४०

बोअरगेज, लेख आवडला, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार. चिंचवडच्या बाजूला ३१ वर्षं शॉपवर काढली, आता निवृत्त.

तुमची ही शीट कुणाला दिसते? तुम्हाला, मालकांना, आणि ऑडिटरला. ज्याच्या हातून पार्ट होतो तो कधी लॅपटॉप उघडतो का? आमच्या वेळी मशीनच्या शेजारी काळा फळा असायचा. सकाळी सातला रात्रपाळीचा माणूस खडूने लिहून जायचा, ‘स्पिंडल आवाज करतोय, बघा’. दिवसपाळीचा बघायचा. फळ्यावर फिल्टर नव्हता, त्यामुळे लपवायलाही जागा नव्हती.

शुक्रवारची गोष्ट तुम्हाला तीन आठवड्यांच्या पिव्होटनं सांगितली. तुमच्या सात नंबरच्या ऑपरेटरला विचारलं असतं तर त्यानं चहाच्या वेळेत सांगितली असती. हलके घ्या.

---

बोअरगेज
३ एप्रिल, दुपारी २:१५

फळाकाका, हलके घेता येत नाही, कारण खरं आहे. नंतर त्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, शुक्रवारी सकाळी मशीन बिथरतंच." म्हटलं, आधी का नाही सांगितलं? तर म्हणाला, "आधी समज मिळत होती ना."

पण एक सांगतो. ‘मशीन बिथरतं’ एवढ्यावर मालक वीस मिनिटं मशीन मोकळं फिरवू देत नाहीत. वीस मिनिटं गुणिले सात मशीन, ते तिथल्या तिथे हिशोब करतात. पिव्होट दाखवल्यावर दिली. त्याचं बोलणं आणि शीटमधला आकडा दोन्ही लागले.

शीट दिसण्याबद्दल मान्य. आता दर शनिवारी उघड्या ओळींची ए३ प्रिंट काढून मशीनपाशी लावतो. पेनने कोणीही लिहू शकतं. सोमवारी ते लिहिलेलं मी शीटमध्ये घेतो. कागदाला तेलाचे डाग पडले की समजायचं, वाचला गेलाय.

---

क्यूसी_ताई
३ एप्रिल, रात्री ९:३०

नाशिकहून. मी ऑटो पार्ट्सच्या सप्लायरकडे क्वालिटीत आहे, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही.

बोअरगेज, तुमच्या शीटमध्ये एक गोष्ट राहिली असं वाटतं. ‘उपाय’ असा एकच रकाना असला की माणूस जे आधी केलं तेच लिहून मोकळा होतो. तो रकाना तोडून दोन करा. पहिला: आज काय केलं? गोडाऊनमधला माल वेगळा काढला, कस्टमरकडचा सॉर्ट केला, रस्त्यात असलेली गाडी थांबवली. ८डीमध्ये (तक्रार सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत) तिसरी पायरी ती हीच. दुसरा: हे पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं? आग विझवली आणि वायरिंग बदललं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एका सेलमध्ये लिहिल्या की विझवलेली आग बघूनच ओळ हिरवी होते. आयएसओ ९००१ च्या (गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय मानक) कलम १०.२ मध्येही हे दोन्ही वेगळे आहेत, आणि केलेला उपाय लागू पडला का हे बघणंही त्यातच येतं. म्हणजे तुमचे १३ शुक्रवार हा ऑडिटरचा जाच नाही, तुम्ही तो आपणहून केलात एवढंच.

तिसरा रकाना मी हट्टाने ठेवते: ‘हाच प्रकार आणखी कुठे होऊ शकतो?’ तुमचं सात नंबर शुक्रवारी बिथरतं, मग तीन नंबर बिथरत नाही का? दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीनंतर काय?

आता माझं दुखणं. टार्गेटची तारीख. आमच्याकडे शीटमध्ये कधीच काही उशिरा नसायचं. कारण मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी लोक जुनी तारीख पुसून नवी घालायचे! एक ओळ ऑगस्टमध्ये उघडलेली, फेब्रुवारीत बघितली तेव्हाही ‘वेळेत’ होती. आता मूळ तारखेचा कॉलम लॉक केलाय, पासवर्ड माझ्याकडे. नवी तारीख हवी तर शेजारी ‘सुधारित १’, ‘सुधारित २’. तिसरी सुधारित तारीख लागली की ती ओळ त्या माणसाची राहत नाही, प्लांट हेडची होते. पहिल्या महिन्यात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

आणि व्हाय-व्हायबद्दल, म्हणजे पाच वेळा ‘का’ विचारत मूळ कारणापर्यंत जायची पद्धत. पाच रकाने करून ठेवले की लोक पाच रकाने भरतात, पाच वेळा ‘का’ विचारत नाहीत. टोयोटाच्या ताइइची ओनो यांचं जुनं उदाहरण नव्या मुलांना मी तोंडी सांगते. मशीन बंद पडलं, कारण फ्यूज उडाला. उडाला कारण बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. पुरत नव्हतं कारण पंप नीट खेचत नव्हता. खेचत नव्हता कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. झिजला कारण गाळणी नव्हती आणि लोखंडाचा चुरा आत जात होता. मग विचारते, तुम्ही असता तर कुठे थांबला असता? बहुतेक जण खरं सांगतात: "फ्यूजवर, ताई."

---

ढगातला
३ एप्रिल, रात्री १०:५०

मला कळत नाही, २०२५ मध्ये हे सगळं एक्सेलमध्ये का करायचं. टिकिटिंगची (प्रत्येक कामाची नोंद आणि पाठपुरावा ठेवणारी) सॉफ्टवेअर आहेत, फुकटही आहेत. कोणी काय कधी बदललं याची नोंद आपोआप राहते, ताईंना पासवर्ड सांभाळावा लागणार नाही. एक्सेल हिशोबाचं साधन आहे, कामं सांभाळायचं नाही. इंग्लंडचं उदाहरण घ्या, २०२० मध्ये कोविडच्या सुमारे सोळा हजार केसेस एक्सेलमुळे यादीतून गळल्या.

---

पेट्री_डिश
४ एप्रिल, पहाटे ३:१०

(इकडे रात्र व्हायची आहे, म्हणून ही वेळ.)

ढगातला, त्या उदाहरणात दोष नुसता एक्सेलला देता येणार नाही. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा तिथे जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरला जात होता. त्या जुन्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. नव्या फाइलमध्ये दहा लाखांहून जास्त मावतात. एका रुग्णाला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलमध्ये साधारण १,४०० रुग्ण झाले की ती भरायची आणि पुढचे गळायचे. भयंकर हे की गळताना काही ओरडा झाला नाही. १५,८४१ लोक राहून गेले. त्यांचे निकाल त्यांना कळले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायचं काम उशिरा सुरू झालं.

आमच्या क्षेत्रातलं उदाहरण तर याहून हास्यास्पद आहे. मी जनुकांवर काम करते. ‘मार्च१’ नावाचं एक जनुक होतं, ‘सेप्ट१’ नावाचं दुसरं. एक्सेलमध्ये लिहिलं की त्यांची लगेच तारीख व्हायची, १ मार्च आणि १ सप्टेंबर. छापून आलेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांमध्ये या तारखा सापडायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हार मानली आणि जनुकांचीच नावं बदलली: ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्टिन१’. एक्सेलने २०२३ मध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय दिली. सॉफ्टवेअरआधी माणसाचं जनुक बदललं म्हणायचं!

तर ढगातल्याशी अर्धी सहमत. पण बोअरगेज यांच्या चाळीस माणसांच्या शॉपमध्ये मामा टिकिटिंगमध्ये लॉगिन करणार नाहीत. एक्सेल उघडतील.

---

ढगातला
४ एप्रिल, सकाळी ९:००

ओळींची मर्यादा माहीत नव्हती, धन्यवाद. बाकी मुद्दा सोडत नाही. निदान गूगल शीट्सवर ठेवा, म्हणजे ‘अ‍ॅक्शनप्लॅन_फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनल_खरंच’ अशा फाइल मेलवर फिरणार नाहीत. शिवाय तिथे जुन्या आवृत्त्या दिसतात. तारखा कोणी पुसल्या ते ताईंना तिथल्या तिथे कळेल.

---

क्यूसी_ताई
४ एप्रिल, सकाळी ९:२५

कळेल हो. पण कोणी पुसली हे शोधत बसण्यापेक्षा पुसताच आली नाही तर चहा गार होत नाही.

---

निवृत्त_लेजर
४ एप्रिल, सकाळी ११:००

बँकेत होतो. आमच्या शाखेत पहिला संगणक आला तेव्हा त्यावर लोटस १-२-३ (एक्सेलसारखंच जुनं सॉफ्टवेअर) होतं, काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. त्याआधी १९७९ मध्ये आलेलं व्हिजिकॅल्क मी पाहिलं नाही, पण त्याचंच हे नातवंड. एक्सेल तर १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आलं, हे फार जणांना माहीत नसतं.

तारखेचा विषय निघालाय म्हणून गंमत. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख टाका, मुकाट्याने घेतं. असा दिवस झालाच नाही, १९०० लीप वर्ष नव्हतं. ही चूक लोटसमधली. लोटसच्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने तीही उचलली आणि आजवर सांभाळली.

बोअरगेज साहेबांच्या कामाची गोष्ट: तारीख सेलच्या उजवीकडे चिकटली तर ती तारीख. डावीकडे चिकटली तर ती नुसती अक्षरं, तिची वजाबाकी होणार नाही. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर १३/०६/२०२५ डावीकडे जाईल, कारण तेरावा महिना नसतो. आणि ०५/०६/२०२५ गुपचूप ६ मे होईल. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. महिना नावाने दिसेल असं फॉरमॅट ठेवा.

अवांतर: शीर्षक सुंदर दिसावं म्हणून सेल मर्ज करणाऱ्यांना माझ्याकडून सक्त समज. एक मर्ज केलेला सेल मधे आला की सॉर्ट अडतं आणि फिल्टर अर्ध्या ओळी गाळतो.

---

नवखी_जळगाव
४ एप्रिल, दुपारी ४:३०

सर, मी नुकतीच एका कंपनीत ट्रेनी लागले आहे. मला अशीच शीट करायला सांगितली आहे. ‘किती दिवस उशीर’ आपोआप यावं यासाठी काय करावं? मी रोज हाताने भरते.

---

बोअरगेज
४ एप्रिल, रात्री ८:४५

नवखी, सर नको, दादा चाललं. मी सूत्रांची नावं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करा.

तीन तारखा ठेवा: उघडली ती, टार्गेट, आणि खरंच संपली ती. तिसरी रिकामी असेल तर टार्गेट वजा ‘टुडे’. उत्तर उणे आलं तर उशीर. ‘इफ’ घालून उणे आकड्याला ‘उशीर’ असा शब्द आणा आणि त्या शब्दाला लाल रंग द्या. स्थिती हाताने भरायची नाही, ती तारखांवरूनच येऊ दे. स्थिती हाताने भरता येते तोवर लोक ती मनाने भरतात.

कामाचे दिवस मोजायचे असतील तर ‘नेटवर्कडेज’ वापरू नका, ते शनिवार-रविवार सुट्टी धरतं. ‘नेटवर्कडेज डॉट इंटल’ घ्या, त्यात सुट्टीचा वार सांगता येतो. नुसता रविवार ११, नुसता गुरुवार १५. आमची शीट कित्येक महिने रविवार सुट्टी धरून चालली होती, आणि मी ऑपरेटरला शिकवत होतो नीट चेक करायला!

आणि ओळी वीसच्या वर जाऊ देऊ नका. माझ्याकडे एकेकाळी १४० उघड्या होत्या. एवढं ‘व्यवस्थित’ झालं की कोणीच काही करत नाही.

---

फळा_आणि_खडू
४ एप्रिल, रात्री ९:१०

फळ्यावर वीसच ओळी मावायच्या.

---

सातमजली
५ एप्रिल, सकाळी १०:१५

डोंबिवली. सोसायटीचा सेक्रेटरी (कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून). आमची समस्या: सातव्या मजल्यावर ७०२ मध्ये दर पावसाळ्यात गळती. पाच वर्षांत गच्चीला तीनदा वॉटरप्रूफिंग झालं. कंत्राटदार दर वेळी नवा, उत्तर दर वेळी तेच: "आता नाही गळणार."

तुमचा धागा वाचून काल रात्री शीट केली. कारण लिहायला गेलो आणि लक्षात आलं, गच्चीतूनच गळतं हे आम्ही कधी तपासलंच नाही, गृहीत धरलं. आता रकाना रिकामा आहे आणि मी त्याच्याकडे बघत बसलोय. पाऊस जूनमध्ये, तोवर कसं कळणार?

---

क्यूसी_ताई
५ एप्रिल, सकाळी ११:४०

रिकामा आहे ते छान आहे. तसाच ठेवा, काहीतरी भरू नका. ‘आपल्याला काय वाटतं’ आणि ‘काय तपासलं’ असे दोन रकाने करा आणि दुसऱ्यात तारीख घाला.

पावसाची वाट कशाला? गच्चीच्या पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून पाणी भरा आणि दोन-तीन दिवस ठेवा. बांधकामवाले नेहमी करतात. ७०२ च्या भिंतीवर ओल येते का, किती तासांनी, नेमकी कुठे, फोटो काढून शीटमध्ये नोंद करा. ओल आली नाही तर गच्ची सुटली, दुसरीकडे बघा.

---

बोअरगेज
५ एप्रिल, दुपारी १२:०५

+१. आणि वेळ लिहा. दिवस नाही, वेळ. पाऊस थांबल्यावर ओल कधी दिसते, वारा कुठून असतो, हे ७०२ वाल्यांना विचारा. ते घरचे ऑपरेटर आहेत, त्यांना माहीत असणार.

---

सातमजली
१४ एप्रिल, रात्री ९:५०

पाणी भरून तीन दिवस ठेवलं. ७०२ कोरडं!! कमिटीत शांतता.

मग ७०२ च्या आजींशी बसलो. त्या म्हणाल्या, "सरळ पाऊस पडला तर काही नाही. वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून आला की दुसऱ्या दिवशी ओल येते." हे त्यांनी मागच्या दोन सेक्रेटऱ्यांनाही सांगितलं होतं म्हणे. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर दोरीने माणूस सोडला. खिडकीच्या छज्जाच्या वर आडवी भेग, हाताचं बोट जाईल एवढी. तीनदा वॉटरप्रूफिंगचे पैसे दिले त्या गच्चीचा काही दोषच नाही.

शीटमधला ‘कारण’ रकाना आज भरला. जबाबदारी: मी. टार्गेट: १० मे. ‘नंतर बघितलं का’: १५ जून, पश्चिमेचा पाऊस झाल्यावर.

---

तिखटमीठ
१४ एप्रिल, रात्री १०:२०

आजींना सूचित केले का?

---

सातमजली
२९ मे, सकाळी ८:३०

धागा वर काढतोय. यंदा पाऊस कुणाला विचारून आला नाही, मे महिन्यातच हजर. भेग ८ तारखेला भरून झाली होती, नशीब. सोमवारी, २६ ला, वाऱ्यासकट झोडपला. काल आणि आज सकाळी ७०२ मध्ये जाऊन आलो. भिंत कोरडी. आजींनी चहा दिला.

ओळ अजून बंद केलेली नाही. कमिटी म्हणतेय, कर हिरवी. मी म्हटलं जुलैपर्यंत थांबू. खजिनदारांना मात्र एकच काळजी आहे: जबाबदारीच्या रकान्यात माझं नाव आहे आणि माझी मुदत सप्टेंबरमध्ये संपते. नवा सेक्रेटरी आला की नाव बदलायचं, की नवी ओळ उघडायची?

---

क्यूसी_ताई
२९ मे, सकाळी ९:०५

ओळ तीच. तुमचं नाव खोडू नका. शेजारच्या रकान्यात नवं नाव आणि हस्तांतराची तारीख, आणि नव्या माणसाला एकदा दोरीवाल्याचे फोटो दाखवा.

---

फळा_आणि_खडू
२९ मे, सकाळी ९:३०

आणि लिफ्टपाशी एक फळा लावा.